एपिस्कोपल पॅरिश: कमिटी, कॅलेंडर आणि पंडिता रमाबाईंचा ५ एप्रिल

अमेरिकेत कुठल्याही जुन्या गावातून गाडी घेऊन जा, कुठल्यातरी वळणावर एक छोटी पांढरी पाटी दिसतेच. त्यावर लाल क्रॉसची ढाल, ढालीच्या कोपऱ्यात निळा चौकोन, आणि 'दि एपिस्कोपल चर्च वेलकम्स यू' असं लिहिलेलं. आपल्याकडून नवीन आलेले लोक विचारतात, हे कॅथलिक की प्रोटेस्टंट? उत्तर जरा वैताग आणणारं आहे, कारण दोन्हीतलं थोडं थोडं आहे. आत गेलात तर मेणबत्त्या, झगे, कधीकधी धूप, बिशप, सगळं कॅथलिक वाटेल असं, पण पोपचा काही संबंध नाही, पाद्री लग्न करतात, आणि वेदीपाशी उभी असलेली रेव्हरंड बाई असण्याची शक्यताही भरपूर. बायकांना पाद्री करायला १९७६ मध्ये अधिकृत परवानगी मिळाली, त्याच्या दोन वर्षं आधीच फिलाडेल्फियात ११ बायकांना परवानगीशिवाय दीक्षा देऊन टाकली होती, त्यावरून मोठा राडा झाला होता.

हे चर्च आलं कुठून? तर इंग्लंडमधून. १७७६ च्या आधी अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये हे सरळ चर्च ऑफ इंग्लंडच होतं. दीक्षा घेताना पाद्र्याने इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहायची शपथ घ्यायची आणि दर रविवारी राजासाठी प्रार्थना म्हणायची. मग राजाशीच लढाई करून देश वेगळा झाला आणि पंचाईत आली. नवीन पाद्री करायला बिशप लागतो, बिशप करायला रिवाजाप्रमाणे तीन बिशप लागतात, आणि अख्ख्या अमेरिकेत एकही नव्हता. कनेक्टिकटचे सॅम्युअल सीबरी लंडनला गेले, तिथे त्या शपथेवरून घोडं अडलं, मग ते गेले स्कॉटलंडला, आणि १४ नोव्हेंबर १७८४ ला अ‍ॅबर्डीनमध्ये तिथल्या बिशपांनी त्यांना बिशप केलं. पाटीवरच्या निळ्या चौकोनात नऊ छोटे क्रॉस तिरक्या फुलीत मांडलेले असतात, ती फुली स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूची, म्हणजे त्या उपकाराची पोच. पुढे १७८९ मध्ये चर्चची घटना आणि स्वतःचं प्रार्थनापुस्तक ठरलं, त्याच वर्षी वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मुंबईकरांना हे घराणं अनोळखी नाही. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ चं, त्याच्याकडे जाणाऱ्या कोटाच्या दरवाज्यावरून चर्चगेट हे नाव पडलं, ते अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं. आपल्याकडचे अँग्लिकन १९७० मध्ये इतर काही प्रोटेस्टंट मंडळींबरोबर एकत्र झाले आणि नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. ते आणि एपिस्कोपल चर्च दोन्ही जगभरच्या अँग्लिकन कम्युनियनमध्ये आहेत, म्हणजे चुलत भावंडंच.

आता लोक पहिला प्रश्न विचारतात तो 'हे लोक मानतात काय?' माझं मत असं की त्या प्रश्नाने सुरुवात केली तर हे चर्च कधीच कळणार नाही. एकाच बाकावर एक आजोबा बायबलचं अक्षर न् अक्षर खरं मानणारे आणि त्यांच्या शेजारी कॉलेजातली प्रोफेसर जी निम्म्या गोष्टी रूपक म्हणून घेते, आणि दोघं एकाच पुस्तकातली तीच प्रार्थना म्हणतायत, असं इथे सर्रास चालतं. त्या पुस्तकाचं नाव बुक ऑफ कॉमन प्रेयर, सध्याची आवृत्ती १९७९ ची. तुमच्या मनात काय आहे याची चौकशी कमी, सगळ्यांनी एकत्र काय म्हणायचं आणि कुठल्या दिवशी काय करायचं हे मात्र पक्कं लिहिलेलं. म्हणून मी सांगेन की आधी कामं बघा आणि तारखा बघा.

कामं बघायची तर पॅरिश बघायची. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याची माणसं. तिचा मुख्य पाद्री तो रेक्टर (किंवा ती रेक्टर). पण पैसे, इमारत, पगार हे सगळं बघते व्हेस्ट्री, म्हणजे सभासदांनी निवडून दिलेली कमिटी. आपल्या हाऊसिंग सोसायटीची मॅनेजिंग कमिटी डोळ्यासमोर आणा, हुबेहूब तेच, छप्पर गळतंय, पार्किंगमध्ये बर्फ कोण काढणार, बॉयलर अजून एक हिवाळा टिकेल का, आणि एक मेंबर जो प्रत्येक मीटिंगमध्ये मागच्या मीटिंगच्या मिनिट्सवर आक्षेप घेतो. व्हेस्ट्रीत दोन वॉर्डन असतात, सीनियर वॉर्डन हा रेक्टरचा उजवा हात, आणि ज्युनियर वॉर्डनच्या गळ्यात बहुतेक ठिकाणी इमारत पडते. ज्युनियर वॉर्डन झालेला माणूस तुम्हाला लगेच ओळखू येईल, तो प्रार्थना चालू असतानासुद्धा छताकडे बघत असतो.

रेक्टर कोण हे वरून ठरवून पाठवत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. कॅथलिक चर्चमध्ये बिशप फादरची बदली करतो. इथे पॅरिश स्वतः सर्च कमिटी नेमते, जाहिरात, अर्ज, झूमवर इंटरव्ह्यू, मग व्हेस्ट्री निवड करते आणि बिशपची संमती घेते, या सगळ्यात वर्ष दीड वर्ष सहज जातं आणि तोवर तात्पुरत्या पाद्र्यावर गाडी चालते. पण एकदा रेक्टर झाला की उपासना कशी होणार, कुठली गाणी, कधी धूप, यात व्हेस्ट्रीला बोलायचा अधिकार नाही, ते रेक्टरचं क्षेत्र. म्हणजे पैसे एकाकडे आणि वेदी दुसऱ्याकडे. भांडणं होतात का? होतात की. पण ही वाटणी मला तरी शहाणपणाची वाटते.

बिशपकडे एक अख्खा डायोसिस, म्हणजे एका भागातल्या सगळ्या पॅरिश असतात, त्याने प्रत्येक पॅरिशला तीन वर्षांतून निदान एकदा भेट द्यावी असा नियम आहे. बिशप येतो त्या रविवारी दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास बिशपसमोर पक्का करण्याचा विधी) असतं, ठेवणीतली भांडी निघतात आणि ज्युनियर वॉर्डनला झोप लागत नाही.

पैसा कुठून येतो? सरकार एक डॉलर देत नाही. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'स्टुअर्डशिप'चा सीझन येतो, प्रत्येक कुटुंबाने पुढच्या वर्षी किती देणार ते प्लेज कार्डावर लिहून द्यायचं, त्या आकड्यांवर बजेट उभं राहतं, आणि साधारण जानेवारीत वार्षिक सभेत ते मांडलं जातं. बजेटचा मोठा भाग पगार आणि इमारत खाते, काही हिस्सा डायोसिसला जातो. सभासद कोण याचीही मजा आहे, बाप्तिस्मा झालेला असला की सभासद, पण मागच्या वर्षात निदान तीनदा प्रभुभोजन (वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस) घेतलं असेल तरच 'कम्युनिकंट' म्हणून मोजणार. फक्त तीनदा! नियम बनवणाऱ्याला माणसं चांगली माहीत होती.

आणि मग न दिसणारी कामं. ऑल्टर गिल्ड नावाचा एक गट असतो, बऱ्याचदा पिढ्यानपिढ्या त्याच घरातल्या बायका, हल्ली पुरुषही. शनिवारी येऊन वेदीवरची कापडं इस्त्री करायची, चांदीचा प्याला घासायचा, वाईन आणि ओस्ती (प्रभुभोजनाच्या पातळ चकत्या) मोजून ठेवायची, फुलं लावायची. प्याला धुतलेलं पाणी साध्या सिंकमध्ये ओतत नाहीत, जुन्या चर्चमध्ये एक वेगळं छोटं सिंक असतं त्याचा पाइप गटारात न जाता थेट जमिनीत जातो, कारण त्यात पवित्र द्राक्षारसाचा थेंब राहिलेला असू शकतो. सोवळं समजणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. याशिवाय बायबलचे पाठ वाचणारे, मेणबत्ती घेऊन चालणारी मुलं, दारात कागद वाटणारे, कॉयर. रविवारी बऱ्याच ठिकाणी दोन उपासना होतात, सकाळी ८ ची शांत, गाण्याशिवाय, जुन्या इंग्रजीत, आणि १० च्या सुमाराची गाण्याबजावण्याची. आठवाले आणि दहावाले एकमेकांना फारसे ओळखत नाहीत, एकाच पॅरिशमध्ये वर्षानुवर्षं.

उपासनेनंतर कॉफी अवर. कोणीतरी केक आणलेला, कोणी चीज-क्रॅकर्स, कॉफी मात्र भयंकर, सगळीकडे सारखीच भयंकर. नवीन माणसाला पॅरिशची खरी ओळख इथे होते, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाला नोकरी पाहिजे, कोणी कोणाशी बोलत नाही. आपल्याकडे चर्चमधल्या चहाचा इतिहास जरा स्फोटक आहे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये, तेही अँग्लिकनच, रानडे, टिळक आणि इतर मंडळी व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, काहींनी चहा घेतला काहींनी नुसता कप हातात धरला, आणि गोपाळराव जोशींनी, आनंदीबाईंच्या यजमानांनी, ती नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहावर. इथल्या कॉफी अवरला जाताना मला हे आठवतंच, आणि त्या कॉफीची चव बघता प्रायश्चित्त तिच्यातच आहे असंही वाटतं.

आता तारखा. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, नाताळाच्या आधीच्या चार रविवारांपासून सुरू होतं, तो अ‍ॅडव्हेंट, वाट बघण्याचा काळ. बाहेर मॉलमध्ये थँक्सगिव्हिंग संपलं की लगेच नाताळची गाणी आणि चर्चमध्ये मात्र अजून नाताळचं एक गाणं नाही, जांभळी किंवा निळी कापडं, दर आठवड्याला एक मेणबत्ती जास्त. कट्टर एपिस्कोपल माणूस २४ डिसेंबरच्या आधी ट्री सजवत नाही आणि त्याचा त्याला सूक्ष्म गर्वही असतो. मग नाताळ बारा दिवस चालतो, ६ जानेवारीच्या एपिफनीपर्यंत, तेव्हा शेजाऱ्यांची झाडं केव्हाच कचऱ्यात गेलेली असतात.

१९७९ च्या पुस्तकात मुख्य सण सात आहेत: ईस्टर, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्ट, ट्रिनिटी रविवार, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, नाताळ आणि एपिफनी. यातले चार हलते, तीन पक्क्या तारखेचे. हलते का, तर ईस्टर चंद्रावर ठरतो, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही. ती पौर्णिमा आकाशात बघून नाही, जुन्या कोष्टकातून काढतात. ईस्टर हलला की त्याच्या आधीचा ४० दिवसांचा लेंट, म्हणजे उपवासाचा काळ, हलतो, नंतरचा ५० दिवसांचा ईस्टरचा काळ हलतो, पेंटेकॉस्ट हलतो. सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला पक्का, पण बहुतेक पॅरिश तो पुढच्या रविवारी करतात, त्या वर्षात गेलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचतात, आणि त्याच दिवशी बाळांचे बाप्तिस्मे ठेवतात. गेलेल्यांची यादी आणि नवीन आलेली बाळं एकाच तासात, मला या कॅलेंडरातला हा सगळ्यात चांगला दिवस वाटतो.

या सातांच्या खाली रविवार, त्याखाली प्रेषित वगैरेंचे सण, आणि सगळ्यात खाली छोटे स्मरणदिवस, ज्यात संतच असतात असं नाही, समाजसुधारक, लेखक, डॉक्टर, मार्टिन ल्यूथर किंग, आणि अ‍ॅबसलम जोन्स, जे गुलामीत जन्मले आणि या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय पाद्री झाले, त्यांचा दिवस १३ फेब्रुवारी. यादीत कोणाला घ्यायचं ते चर्चची राष्ट्रीय सभा, जनरल कन्व्हेन्शन, मतदानाने ठरवते. पोप नाही, चमत्कारांची तपासणी नाही, ठराव आणि मतदान. आपल्या भागाशी जोडलेली नावंही आहेत, ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर (जुन्या गोव्याचं फेस्त त्याच दिवशी), २ जानेवारीला दोर्नाकलचे बिशप अझरय्या, १९१२ मध्ये झालेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप.

आणि ५ एप्रिलला पंडिता रमाबाई.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच गंमत वाटली, कारण बाईंचं आणि अँग्लिकन वरिष्ठांचं कधी जमलं नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे अँग्लिकन नन्सकडे, त्यांचा बाप्तिस्मा झाला, २९ सप्टेंबरला, तोही सेंट मायकलच्या सणाचाच दिवस. पण लगेच पत्रांतून वाद सुरू, हे मी मानणार नाही, तो अधिकार कोणी दिला, माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवणार. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या, पुढे अमेरिकाभर भाषणं दिली, आणि १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिच्या उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रूक्स होते, बोस्टनच्या ट्रिनिटी चर्चचे रेक्टर, म्हणजे एपिस्कोपलच. त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, नंतर पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन. केडगावलाच ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. कोणाच्याही चौकटीत न बसलेल्या बाईंना चौकटीच्या कॅलेंडरात एक चौकोन मिळाला.

पण तो चौकोन त्यांना मिळतो कधी, ते बघा, म्हणजे नियम आपोआप कळतील. होली वीक, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, आणि ईस्टरनंतरचा आठवडा, या दोन्हींत छोटे स्मरणदिवस चालत नाहीत, गळतात. २०२३ मध्ये ईस्टर ९ एप्रिलला, म्हणजे ५ तारीख होली वीकमधला बुधवार, रमाबाई गेल्या. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला, ५ एप्रिल ईस्टरच्या आठवड्यातला शुक्रवार, पुन्हा गेल्या. २०२५ मध्ये दिवस मोकळा मिळाला पण शनिवार, बहुतेक चर्च कुलूपबंद, आत फक्त ऑल्टर गिल्डची इस्त्री. २०२६ मध्ये तर ५ एप्रिललाच ईस्टर, त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार. आणि २०२७ चा प्रकार भारी आहे. २५ मार्चला देवदूताने मरियेला निरोप दिला तो सण असतो, तो मोठा सण म्हणून गळत नाही, पुढे ढकलतात. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, म्हणजे २५ मार्च होली वीकमध्ये अडकतो, मग तो सण ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी जाऊन बसतो, आणि तो सोमवार नेमका ५ एप्रिल! २०२८ मध्ये मात्र लेंटमधला साधा बुधवार आहे. छोट्या पॅरिशमध्ये आठवड्यातली एक दुपारची उपासना बऱ्याचदा बुधवारीच असते, पाचसात माणसं येतात, तिथे हे छोटे दिवस पाळतात, त्या दिवसाच्या व्यक्तीबद्दल रेक्टर दोन शब्द बोलते. २०२८ ला रमाबाईंना चांगला चान्स आहे.

खरा जोर असतो तो लेंट ते ईस्टर. लेंटच्या आदल्या मंगळवारी पॅनकेक सपर, पूर्वी उपवासाआधी घरातलं लोणी अंडी संपवायची म्हणून, आता हॉलमध्ये पुरुष मंडळी एप्रन बांधून पॅनकेक टाकतात आणि मुलं सिरपने चिकट होऊन पळतात. दुसऱ्या दिवशी भस्म बुधवार, कपाळावर राखेचा क्रॉस, 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील' हे ऐकत. राख आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली. काही पाद्री हल्ली सकाळी रेल्वे स्टेशनबाहेर उभे राहून ऑफिसला पळणाऱ्यांना राख लावतात, यावर चर्चमध्येच दोन तट आहेत, मला विचाराल तर काही वाईट नाही. लेंटभर 'हालेलुया' हा शब्द म्हणायचा नाही, काही ठिकाणी मुलं तो कागदावर रंगवून पेटीत घालून पुरतात सुद्धा.

मग झावळ्यांचा रविवार, गुरुवारी एकमेकांचे पाय धुणं, आणि त्या रात्री वेदीवरचं सगळं, कापड, मेणबत्त्या, क्रॉस, एकेक करून काढून वेदी उघडी करतात, कोणी बोलत नाही. शुक्रवारी घंटा नाही, फुलं नाहीत. शनिवारी अंधार पडल्यावर बाहेर आगटी पेटवून त्यावर मोठी ईस्टरची मेणबत्ती लावतात, तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या, अंधाऱ्या चर्चमध्ये सृष्टीच्या निर्मितीपासूनचे पाठ वाचतात, मग एका क्षणी सगळे दिवे, ऑर्गन, आणि लोकांनी घरून आणलेल्या घंटा, सायकलच्या घंटीपासून गुरांच्या घंटेपर्यंत. पुरलेला शब्द परत येतो.

पण सगळ्यात जास्त बाहेरची माणसं कधी येतात? नाताळ आणि ईस्टर सोडले तर ऑक्टोबरात. ४ तारखेला असिसीच्या सेंट फ्रान्सिसचा दिवस, जवळच्या रविवारी प्राण्यांना आशीर्वाद. कुत्री, मांजरं पिंजऱ्यात, कोणाचा ससा, कोणाचं कासव, एखाद्या मुलाच्या बरणीत गोगलगाय. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये (१८९२ पासून बांधतायत, अजून अपुरं आहे) मोठी मिरवणूक निघते, तिथे उंटही येऊन गेलेत.

सभासद कमी होतायत हेही खरं. १९६० च्या दशकात ३४ लाखांवर होते, आता १५ लाखांच्या आसपास. बऱ्याच पॅरिशना पूर्णवेळ रेक्टर परवडत नाही, दोन तीन मिळून एक ठेवतात, मग कोणाचा ईस्टर सकाळी ८ ला आणि कोणाचा ११ ला यावर वाटाघाटी.

कधी जायचं असेल तर पोशाखाचं टेन्शन घेऊ नका, जीन्स चालते. मागच्या बाकावर बसा, तसंही तिथेच सगळे बसतात, पुढचे दोन बाक कायम रिकामे. उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं सतत चालू असतं, शेजारच्याकडे बघून करा, नाही केलं तरी कोणी बघत नाही. मध्येच सगळे उठून एकमेकांशी हात मिळवतात, ते लांबतं, घाबरू नका. प्रभुभोजनाला बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही बोलावतात, तुमचा झालेला नसेल तर रांगेत जाऊन छातीवर हातांची फुली करायची, पाद्री नुसता आशीर्वाद देतो, किंवा जागेवरच बसा. दानाची थाळी फिरते, पाहुण्याने टाकलंच पाहिजे असं नाही. आणि कॉफी अवरला कोणी गोड बोलून 'तुम्हाला इमारतींचं काही कळतं का हो?' असं विचारलं तर जपून उत्तर द्या, ज्युनियर वॉर्डनची टर्म संपत आलेली असणार.